हिंगाच्या डब्यातला रुपया

गेल्या महिन्यात, शेवटच्या सकाळीही, पांडुरंगभावजींनी कॉफीचा टंबलर आधी नाकाशी नेला. "वैनी, आज हिंग नाही ना?" हा प्रश्न मी या घरात सून म्हणून आले त्या वर्षापासूनचा. दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत, हातात भिंग धरूनच ते गेले... माझे हे धाकटे दीर तालुका कचेरीतून रिटायर झालेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, आणि जुन्या नाण्यांवर जीव टाकणारे. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, नाणेवाले राव म्हटलं की घर दाखवतील.

तर हिंगाची गोष्ट. मी आले ती केमिस्ट्रीची बी.एस्सी. होऊन, आणि ती पदवी मंगळसूत्राच्या वर घालून हिंडत असे. भात कच्चा राहायचा, पण का राहिला याचं शास्त्र मी जेवणाऱ्यांना समजावून सांगायची. माझी पहिली आयुधपूजा आली. त्या दिवशी ज्याची जी हत्यारं, ती धुऊनपुसून देवीपुढे मांडायची. भावजी तिरुवैयारूला गेले होते. त्यांची हत्यारं म्हणजे नाणी, असं मी ठरवलं. त्यांच्या पणजोबांच्या पेटीतला राणीछाप चांदीचा रुपया मला निळसर काळा, मळकट दिसला. चांदी आमच्याकडे विभूतीने घासतात. मी जीव ओतून घासला, लखलखीत केला, वर कुंकू लावलं.

भावजी परतले, देवीपुढे वाकले आणि तिथेच बसले.

"वैनी, तो मळ नव्हता हो. शंभर वर्षांनी चढलेला रंग होता."

पुढच्या आठवड्यात तिरुच्चीला नाण्यांची स्पर्धा होती. दरवर्षी भावजींचा दुसरा नंबर यायचा. यंदाचा पहिला त्या रुपयावर ठरलेला. मी गप्प बसेन तर बी.एस्सी. कसली? "रंगच ना? गंधक लागतं. हिंगात आहे." रुपया हिंगाच्या डब्यात घालून डबा चुलीच्या उबेला ठेवला. दोन दिवसांनी उघडला तर मोराच्या मानेसारखा, निळा, जांभळा, कडेला सोनेरी. भावजी बघतच राहिले. मग वास घेतला.

"हे रसम झालंय, वैनी."

"वास उडेल. कोण ओळखणार आहे?"

आमच्या ह्यांचंही तेच मत पडलं. स्पर्धेच्या दिवशी भावजी रुपया खिशात घालून निघाले. मीही गेले मागोमाग, माझ्या शास्त्राचा विजय बघायला.

परीक्षक चेन्नईचे, वयस्कर. रुपयापाशी थांबले ते हलेनात. "राव, रंग आपोआप चढलाय ना?" भावजींनी नुसतं हो म्हटलं असतं तर पहिला नंबर हातात होता. मी पदराआडून मान हलवून हलवून त्यांना हो म्हणायला सांगत होते.

"नाही, सर," भावजी म्हणाले, "हा आमच्या वैनींनी चढवलाय. त्या तिथे उभ्या आहेत." आणि भिंग पुढे करून रंगाखालच्या विभूतीच्या बारीक रेघा त्यांना दाखवल्या. वर कागदावर लिहून लावलं: 'विभूतीने घासलेला, हिंगाने रंगवलेला. कृपया घरी करून पाहू नये.' त्या वर्षी दुसराही नंबर गेला. पण संध्याकाळपर्यंत पहिल्या नंबराच्या टेबलाशी माशी नव्हती आणि आमच्याकडे वास घ्यायला रांग. भावजी इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. तेव्हापासून कुंभकोणम, नागपट्टणमहून लोक नाण्यांचं खरं-खोटं विचारायला भावजींकडेच येऊ लागले. आपल्या तोट्याचं खरं सांगणारा माणूस दुसऱ्याला कशाला फसवेल...

परवा ओरत्तनाडूचे एक म्हातारे मास्तर रुपया घेऊन आले. भावजी गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "मग आता दाखवायचं कुणाला?" म्हणत उठू लागले. मी म्हटलं, बसा. मी स्वतः भावजींच्या खुर्चीत बसले, त्यांच्यासारखाच रुपया कडेने धरला, आधी वास घेतला, मग भिंग लावलं. रंगाखाली एक रेघ नाही. अस्सल.

"नक्की ना, अम्मा?"

"नक्की," मी म्हटलं. "तुमच्या घरात केमिस्ट्री शिकलेली सून आली नाही, एवढंच."