यकृताचा उष्टा द्रव

पीएचडीच्या चौथ्या वर्षी मॅडमनी स्वच्छ सांगितलं, की दिवाळीपर्यंत हा प्रयोग जमला नाही तर गाशा गुंडाळा. म्हणजे कर्वेनगरातली खोली सोडून यवतमाळला, आईवडिलांकडे परत.

प्रयोग असा. अन्नातून ऊर्जा काढायला प्रत्येक पेशीला एनएडी नावाचा रेणू लागतो, आणि तो प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून बनतो. मी उंदराच्या पेशींना खूण केलेलं ट्रिप्टोफॅन घालायचे आणि ती खूण एनएडीत उतरते का, ते मशीनवर बघायचे. यकृताच्या पेशींत उतरायची. स्नायूंच्या पेशींत नाही म्हणजे नाही.

"यकृत हुशार आणि स्नायू ढ, असं म्हणायचंय का आपल्याला?" मॅडमनी विचारलं. त्या 'आपण' म्हणू लागल्या की लॅबमध्ये सगळे मान खाली घालून कामाला लागायचे. माझा हातच वाईट, यावर एव्हाना सर्वांचं एकमत झालं होतं. मला भयंकर राग यायचा. मग तोच हात यकृताला कसा चालत होता?

पेशी ज्या द्रवात वाढतात तो अधूनमधून बदलायचा आणि जुना ओतून द्यायचा, ही आमची रीत. एका सकाळी यकृताचा उष्टा द्रव ओतताना मी थबकले. स्नायू स्वतः करत नसतील, तर शरीरात त्यांना कुणीतरी करून पाठवत असणार. मी तो द्रव गाळला आणि स्नायूंना घातला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर खूण दिसली, तीही स्नायूंच्या एनएडीत. यकृत ट्रिप्टोफॅनपासून एनएडी बनवतं, ते मोडून त्याचा निकोटिनामाइड नावाचा तुकडा बाहेर सोडतं, आणि स्नायू त्यावर आपलं एनएडी जुळवतात. मला नाचावंसं वाटलं, आणि मी नाचले.

मॅडमनी सगळं पुन्हा करायला लावलं, शेजारी उभं राहून. खूण पुन्हा आली.

"हात चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "प्रबंध लिहायला घ्या."

जिन्यातूनच घरी फोन लावला. आईनं माझ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. मी येत नाही, जमलं, एवढंच तिला सांगितलं.

"मंग त्या कप्प्यात तुह्या बाबाचे सदरे ठिवून देऊ?"

"ठेव," मी म्हणाले, "सगळे ठेव."