लाल नळाचं पाणी

परवा आमच्या घरात एक मासा मरता मरता वाचला. कतारला, दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो आम्ही... मासा म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या लेकीचा, ओवीचा गोल्डफिश. नाव लाडू.

सासूबाईंना नाशिकहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. ओवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये... आणि आईंना तिचं ते फाडफाड इंग्लिश झेपत नाही. मग आजी-नातीच्या गप्पा माझ्यामार्फत, आणि पोळ्या लाटता लाटता सांगताना त्यातलं अर्धं मी गाळायचे. आई तीनच महिन्यांसाठी आल्यात, ते असेच जाणार की काय, याची मला खंत वाटायला लागली होती.

त्यात ओवीचा शाळेचा प्रोजेक्ट. समुद्रातून अंडी घालायला नदीत परतणारे सॅमन मासे, आणि हवामान बदलल्यामुळे तापत चाललेल्या त्यांच्या नद्या. आई चार्टकडे कौतुकाने बघायच्या, पण कळत काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नुसती मान डोलवत होते.

शुक्रवारी सकाळी आईंनी हौसेने लाडूचं पाणी बदलायला घेतलं. एसीत गारठला असेल बिचारा, म्हणून निळ्या नळाचं छान गरम पाणी दोन मग ओतलं...

इथे राहणाऱ्यांना पुढचं कळलंच असेल. सप्टेंबरातसुद्धा गच्चीवरची टाकी अशी तापते की गार नळाला गरम पाणी येतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो, आणि त्यात निवलेलं पाणी लाल नळाने घेतो. आईंना आठवडाभर वाटत होतं, दोह्यात चोवीस तास गरम पाणी, काय सुख आहे. मी सांगायचंच विसरले होते.

लाडू वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. ओवी धावली आणि तिने लाल नळाखाली मग धरला. आई घाबरून तिला अडवायला गेल्या, तर तिने आजीचाच हात पाण्याखाली धरला. "आजी, थंड आहे. बघ." चक्क मराठीत.

मग थोडं थोडं पाणी घालत बसली. वीसेक मिनिटांनी लाडू खाली जाऊन पोहायला लागला. आईंच्या डोळ्यांत पाणी... "मारलंच असतं गं मी त्याला."

"तुला माहीत नव्हतं ना," ओवी म्हणाली, आणि चार्ट घेऊन आजीशेजारी बसली. अडखळत, मध्येच इंग्लिश शब्द घालत सांगत होती. गरम पाण्यात हवा कमी असते, माशांना दम लागतो. नदी तापली की सॅमन पुढे जात नाहीत, जिथे थंड ओढा मिळतो तिथे थांबून राहतात.

आईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग त्यांना लाल नळ कोण सोडतं?"

ओवीने चार्टवरच्या नदीच्या काठावर बोट ठेवलं. "झाडं. सावली असते ना... पण आता तेवढी झाडं नाहीत, आजी."

आई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गावच्या नदीकाठी गर्द करंज होते, तिथे पाणी भर उन्हाळ्यात गार लागायचं. ओवीने लगेच पेन्सिल घेतली. करंज कसा दिसतो, पान केवढं, आजी सांगतेय आणि ही काढतेय...

मी चहा घेऊन दारातच उभी राहिले. अर्धा तास कोणी मला काहीही विचारलं नाही... फार बरं वाटलं.