दोन्ही टोकं सारखी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार हमीद मिस्त्रींचे आहेत. त्यांना मी आवडत नव्हतो आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. मलाही ते आवडत नव्हते.

उस्मानपुऱ्यात त्यांचं वर्कशॉप होतं. मी कन्नडकडचा, घरातला पहिला पदवीधर. शाळेतली नोकरी सोडून पडेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी लोखंड कातायचा, भंगारातला एक लेथ आणून ठेवला होता. ऊस ओढणाऱ्या साखळीच्या पिना हंगामाआधी करून देईन, असा शब्द साखर कारखान्याला दिला होता. लेथ चालला नाही तर "शिकून काय दिवे लावले" म्हणायला गाव टपलेलंच होतं. हे सगळं सांगून मी मिस्त्रींना लेथ बघायला बोलावलं. मान वर न करता ते म्हणाले, "डिग्री है ना? उसकूच पूछ."

तरी ते शेडवर आले. लेथचा बेड, म्हणजे ज्यावरून हत्याराचा गाडा सरकतो तो भाग, गंजलेला होता. तो मी हातातल्या ग्राइंडरने घासून लखलखीत केला होता. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं.

"आईना बनाया? अब मुंडी देख उसमें. गंज नाय काढला तू, मशीनची जान काढली."

"एकदा चालवून तर बघा, चाचा."

"चाचा नक्को बोल. मैं तेरा कोई नै."

त्यांनी एक सळई कातली, दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजली आणि ती माझ्या पायाशी फेकली. एक टोक जाड, एक बारीक; माझ्या घासण्याने बेड वरखाली झाला होता. "दोनों सिरे बराबर तो मशीन. नै तो भंगार."

आठवड्याने कारखान्याचा निरोप आला, पिना नकोत. मिस्त्रींनीच तिथं जाऊन सांगितलं होतं. मी तडक उस्मानपुरा गाठला. "माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही!"

"व्हय, दिला. पिन तुटली की साखळी खालच्या मजुरावर पडंल. तो बी कुणाच्या तरी घरचाच हाय ना?" मग एक जाड, सपाट पट्टी आणि धारेची पाती त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "पट्टीला निळा रंग लाव, बेडवर फिरव. जिथं निळं लागंल तिथं उंचवटा हाय, तिथंच खरवड. अन् तोंड नको दाखवू."

आठ महिने मी खरवडत होतो. मिस्त्री दोनदा आले, दोन्ही वेळा "भंगार" म्हणून गेले. पुढे वर्कशॉप बंद करून ते परभणीला मुलीकडे राहायला गेले. मला सांगितलंही नाही. पत्ता शोधून मी पत्र पाठवलं:

"हमीद मिस्त्री यांस सलाम. सोबत मी कातलेली सळई आहे. दोन्ही टोकं मोजा. फरक निघाला तर कारखान्याला पुन्हा कळवा, यंदा पिना मीच देतो आहे. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण पिन कातताना साखळीखालचा तो माणूस रोज समोर उभा असतो. पट्टी तेल लावून ठेवली आहे.

तुमचा कोणी नसलेला,
पडेगाववाला"