सरपंचबाईंची चार इंग्रजी वाक्यं

जीप ओढ्यापलीकडे दिसली तेव्हा सुमनताईंनी माझा हात धरला.

"मॅडम, जर्नीच्या फुडं काय हुतं?"

"वुई आर व्हेरी हॅपी."

"हां. व्हेरी हॅपी, व्हेरी हॅपी," त्या घोकत राहिल्या.

सुमनताई गेल्या महिन्यात वारल्या. शोकसभेत कुणीतरी 'परदेशी पाहुण्यांपुढे इंग्रजीत भाषण करणाऱ्या सरपंच' असं म्हटलं. तसं घडलं नव्हतं. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात मी शेवगावला पाणलोटाचं, म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून पाणी जिरवण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. निधी परदेशातून यायचा, म्हणून पाहुणेही यायचे. त्याला ऑफिसात 'फील्ड व्हिजिट' म्हणत. कार्यक्रम आखणं, स्वागताचं इंग्रजी लिहून देणं आणि नंतर रिपोर्ट करणं हे माझं काम.

या वेळी सुमनताईंनी करायचं स्वागताचं भाषण आमच्या संस्थेच्या साहेबांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात 'ऑस्पिशस ऑकेजन' होतं, 'ऑगस्ट प्रेझेन्स'ही, सगळे भारदस्त शब्द.

"सर, असं कुणी बोलत नाही," मी म्हटलं. "दारात आलेल्याला आपण प्रवास कसा झाला विचारतो. इंग्रजीतही तेच विचारतात."

"फार साधं वाटतं हो."

पण ते कबूल झाले. मी चार सोपी वाक्यं काढून दिली.

सुमनताई बौद्ध वस्तीतल्या, सातवी शिकलेल्या, राखीव जागेवरून नुकत्याच सरपंच झालेल्या. उपसरपंचांनी चावडीवर जाहीर केलं होतं, "आरक्षनानं खुर्ची मिळती, इंग्रजी न्हाई मिळत. पावन्यांपुढं गावाचं हसं झालं, तर अविश्वास ठराव आनतो."

म्हणजे त्यांची खुर्ची माझ्या चार वाक्यांवर टांगलेली. मला रात्री झोप लागेना. ताई मात्र कांदे खुरपताना पाठ करायच्या. "म्हशीलाबी इचारलं, हाऊ वॉज युवर जर्नी. येक शब्द बोलंल तर शपथ!"

मी हसले. भाषणाला कुणी उत्तर देत नाही, प्रश्नाला देतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी मला निघताना बजावलं होतं, "तुम्ही मागं उभ्या राहा. मधे बोलायचं नाही. ताईंना येतं असंच दिसलं पाहिजे."

जीप शाळेपुढच्या मंडपाशी थांबली. पाहुण्यांच्या प्रमुख, पांढऱ्या केसांच्या बाई, उतरल्या. चेहरा पांढराफटक. ताई पुढे झाल्या.

"वेलकम. हाऊ वॉज युवर जर्नी?"

स्वच्छ, ठणठणीत. टाळ्या पडल्या. मी श्वास सोडला, आणि बाई उत्तर देऊ लागल्या.

वाटेत उसाचा ट्रक सरळ अंगावर आला. जीप रस्त्याकडेच्या चारीत उतरली. आज आपण मेलोच असं त्यांना वाटलं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मंडपात गावच्या कुणालाच काही कळत नव्हतं. साहेब माझ्याकडे रोखून पाहत होते. आणि ताईंचं पुढचं वाक्य मला ठाऊक होतं.

बाई थांबल्या. ताईंनी तोंड उघडलं. "वुई..."

मी डोळे मिटले.

"मॅडम," ताईंचा मोठा आवाज आला, मराठीत. "मला न्हाई कळलं. बाई काय म्हनत्यात? रडकुंडीला आल्यात त्या."

पुढच्या रांगेतून उपसरपंच हसले. "झालं! सपलं का इंग्रजी?"

ताई वळल्या. "तुमाला कळलं व्हय, आण्णा? मंग तुमीच सांगा की."

आण्णा टोपी सारखी करू लागले. मागून कुणीतरी खो खो हसलं, मग सगळा मंडप.

मी साहेबांकडे न बघता पुढे झाले आणि बाईंचं बोलणं मराठीत सांगितलं. ताईंनी बाईंचा हात धरला. "आगं माय! बसा आधी. पानी घ्या. बांध कुठं पळून जात न्हाईत." तेवढं मी इंग्रजीत केलं. उरलेली वाक्यं कुणी म्हटलीच नाहीत.

परतताना साहेब म्हणाले, "मधे बोलू नका म्हटलं होतं."

"त्यांनी विचारलं, सर."

"रिपोर्टमध्ये लिहा, सरपंचांनी इंग्रजीत भाषण केलं."

मी लिहिलं, सरपंचांनी पाहुण्यांची विचारपूस केली. ते साध्या इंग्रजीत नीट बसलं.

ठराव आला नाही. ज्या सदस्यांच्या सह्या लागणार होत्या, तेच मंडपात आण्णांना हसले होते.

त्यानंतर पाहुण्यांपुढे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला मी इंग्रजीतलं पहिलं वाक्य 'मला समजलं नाही' हेच शिकवलं. गावोगावच्या बायकांनी ते चटकन उचललं. साहेबांना मात्र ते शेवटपर्यंत जमलं नाही.