पट्टीला चिकटलेली कातडी
प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडून काळा डाग उमटला आणि मला वडिलांचा पाय आठवला. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई उसळून त्यांच्या पिंडरीला वेढली होती. मांस जळाल्याचा वास दवाखान्यातही कितीतरी दिवस जात नव्हता. डॉक्टरांनी नव्या प्रकारची पट्टी बांधली होती. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण आहेत, ते जंतू मारतात, मी सांगेपर्यंत उघडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. पंधरवड्यानं चुलते अंबडहून आले आणि पट्टीच्या कडेची काळी पडलेली कातडी बघून भडकले. "भावाचा पाय सडवून राह्यले हे!" मी त्यांचा हात धरला. "काका, थांबा, ते चांदीनं काळं होतं म्हणले डॉक्टर." त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं. "तू गप, लई शिकला!" म्हणत त्यांनी पट्टी ओरबाडून काढली. वडील किंचाळले. धावत आलेल्या डॉक्टरांच्या तोंडावर चुलत्यांनी ठोसा मारला. डॉक्टरांनी ओठाचं रक्त पुसलंसुद्धा नाही, पट्टी उचलून उलटी धरली. तिला गुलाबी, ओला पापुद्रा चिकटला होता. "ही नवी कातडी येत होती. तुम्ही सोलून काढली." पुन्हा पट्टी बांधल्यावर मात्र चुलते दारातच ठाण मांडून राहिले, नर्स आली तरी "डॉक्टरला विचारलं का?" म्हणून अंगावर जायचे. वडील आता थोडे लंगडत चालतात. ती चांदी जखमेत नेमकं काय करते, असं चुलते अजून मला विचारतात, आणि कॉलेजात जाऊनही मला ते त्यांना नीट सांगता येत नाही.