अनवाणी मास्तर

आमचे बाबा इलेक्ट्रिशियन. पण दिवे आणि पंखे लावणारे नव्हेत. ते लोकांच्या फरशीखाली गरम होणारी वायर घालायचे. आमच्याकडे हिवाळ्यात दाराबाहेर राहिलेल्या बादलीतलं पाणी सकाळी दगड झालेलं असे, त्यामुळे या कामात कधी खंड पडला नाही. जमिनीवर नागमोडी वायर अंथरायची, ती कुठे तुटली नाही ना हे मीटर लावून बघायचं, मग गवंडी वर टाइल्स बसवणार. सगळं नीट वाळलं की बाबा परत त्या घरी जात, बटण चालू करत आणि दोन तासांनी बूट-मोजे काढून खोलीभर चालत. डोळे मिटून, हातात खडू घेऊन. पायाला जिथे गार लागेल तिथे फुली मारायची. मीटर काय म्हणतो याच्याशी तेव्हा त्यांना देणंघेणं नसे. "इथं मीटर राहणार नाहीये, माणसं राहणार आहेत," असं म्हणून ते घरमालकाला गप्प करत. गवंडी त्यांना अनवाणी मास्तर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

आईला या चालण्याचा भारी वैताग. परक्या घरात मोजे विसरून येण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता. एका हिवाळ्यात तिने कपाटातून सात मोजे काढून ओळीने मांडले. एकाचाही जोडीदार घरात नव्हता.

आणि आमच्या स्वतःच्या घरची फरशी? अकरा वर्षं बर्फासारखी गार. "वेळ मिळाला की करतो," हे पालुपद. शेवटी आईने फर्मान काढलं, की सकाळचा चहा स्वयंपाकघरातच मिळेल, उभ्याने आणि अनवाणी. तिसऱ्या दिवशी बाबांनी टाइल्स उखडायला घेतल्या.

त्यानंतरचे हिवाळे मला अजून जसेच्या तसे आठवतात. पालथं पडून मी त्या फरशीवर अभ्यास करायचे, आई पाय पसरून शेंगा सोलायची, आणि बाबा फरशीची ऊब कमीजास्त करायची भिंतीवरची गोल चकती उगाच एक रेघ मागेपुढे करत बसायचे. इतकं सुख मला नंतर कुठल्याच घरात मिळालं नाही, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

आई गेली. बाबा आता चौऱ्याहत्तरचे, मधुमेहाचं जुनं दुखणं अंगावर घेऊन एकटेच राहतात, आणि मी सहा तासांवर. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या चकतीच्या जागी लावायला मी मोबाइलवर चालणारा थर्मोस्टॅट आणला. "फरशीलासुद्धा आता फोन लागतो होय?" म्हणत जोडला मात्र त्यांनीच, माझ्या हाताला पक्कडही लागू न देता.

पंधरा दिवसांत त्यांचा फोन आला. "तुझं यंत्र खोटं बोलतंय. फरशी गार आहे."

माझ्या मोबाइलवर सव्वीस अंश दिसत होतं. त्यांनी तीस केलं. मी कमी केलं, त्यांनी तेहतीस केलं. आठवडाभर आमची ही रस्सीखेच चालली. हट्टीपणा मी काही बाहेरून आणलेला नाही. आकडा अडतीसवर गेला त्या दिवशी मी तणतणत बस पकडली.

स्वयंपाकघरात बूट काढून पाय ठेवला. क्षणभर बरं वाटलं, मग तळवे चुरचुरायला लागले. आणि खाली बघितलं तर सगळी फरशी खडूच्या फुल्यांनी भरलेली. एक टाइल सुटली नव्हती.

"बघ," बाबा मध्ये अनवाणी उभे राहून म्हणाले. "सगळीकडे गार."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, आकडा उतरवला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. ते चष्मा लावून त्यातली तापमानाच्या आलेखाची रेघ तपासायला लागले. मी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळवा लालबुंद झाला होता. मी त्यावर हात ठेवला.

"फरशीतला सेन्सर बिघडलाय," ते म्हणाले. "नळीतून घातलाय मी. वरून ओढला की निघेल, टाइल फोडायला नको."

मी तळवा दाबला. ते नळीबद्दलच बोलत होते. मी आणखी जोरात दाबला.

मोबाइल बाजूला करताना त्यांनी खाली पाहिलं आणि माझा हात त्यांना दिसला.

"कधीपासून धरलायस?"

"मघापासून."

त्यांनी चष्मा काढला. 

"गार आहे का तुझा हात?"

"हो बाबा. आत्ताच बाहेरून आलेय."

त्यांनी मान हलवली. मग मोबाइल माझ्याकडे परत दिला.

"सत्तावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी कितीही भांडलो तरी," ते म्हणाले. "आणि लहान मुलांनी हात लावू नये म्हणून यात कुलूप असतं ना, ते लाव."

मी ते लावलं. ते लागलं की नाही, हे त्यांनी स्वतः भिंतीपाशी जाऊन दोनदा बटण दाबून तपासलं.