नातवाला धाडलेली शिवी

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला नरडाण्याच्या वच्छलाबाईंनी शेजारच्या मेघाला हाक मारली. मेघा धुळ्याला कॉलेज करता करता स्पॅनिश शिकलेली. वच्छलाबाईंचा भूपेंद्र जहाजावर नोकरीला, त्याची बायको लुसिया लेकराला घेऊन स्पेनमध्ये. सासूसुनेला बोलायला एक भाषा नाही.

"लिख," फोन तिच्यापुढे सरकवून तांदूळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "काळतोंड्या, उकिरडावरना पोऱ्या, वरीसना व्हयना तू."

मेघाला हसू आलं. ही माया त्या परदेशी सुनेला काय कळणार? तिनं आपलं शहाणपण चालवलं आणि स्पॅनिशमध्ये लिहिलं, आमच्या देखण्या राजकुमाराला वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. लुसियाचं उत्तर लगेच आलं, नुसती लाल बदामांच्या चित्रांची रांग.

"इतली खूश? काय लिखं तू?"

मेघानं मोठ्या हौसेनं मराठीत सांगितलं.

वच्छलाबाईंच्या हातातलं सूप निसटलं. तांदूळ ओसरीभर झाले. त्यांचं पहिलं लेकरू असंच देखणं होतं. आखाजीच्या सणाला त्याला माहेरी नेलं, झोके घ्यायला जमलेल्या बायांनी तोंड भरून वाखाणलं, आणि सासरी परतायच्या आत ते तापानं गेलं. म्हणून भूपेंद्र झाला तेव्हा शाळेत नाव घालेपर्यंत त्यांनी त्याला उकिरड्याच म्हटलं. तो जगला. आणि आज त्यांच्याच नावानं, भर वाढदिवशी, नातवाला कुणीतरी देखणा म्हटलं होतं.

"पुसी टाक ते," त्या म्हणाल्या. "मी सांगं तेच धाड."

मेघानं शब्दाला शब्द लावून धाडलं. या वेळी उत्तर यायला उशीर लागला. ते वाचून तिनं फोन पालथा ठेवला.

"जसं शे तसं सांग."

"ती म्हनस, पोऱ्याले घान म्हननारी आजी आमले नको. परत काही धाडू नका." मेघानं फोन परत उचलला. "अक्का, मी तिले समजाडी सांगस. नजर लागाले नको म्हनीसन आपन आसं म्हनतस."

वच्छलाबाईंनी फोनवर हात ठेवला. "नको. तिले सांगं, तं नजरले बी ऐकू जाई."

"पन मंग ती तुमले पोऱ्या दखाडनार नही."

"नको दखाडू दे. जगू दे त्याले," म्हणत त्या ओसरीवरचे तांदूळ गोळा करायला बसल्या.